मापाच्या वहीतला दुसरा आकडा

प्रश्न: "काकू, मी 22 वर्षांची आहे. राहते डोंबिवलीला, पहिली नोकरी लागलीय लोअर परळला. आई म्हणते पंजाबी ड्रेसच घाल, मैत्रीण म्हणते फॉर्मल पँट-शर्ट घे, आजी म्हणते काहीही घाल पण अंगभर घाल. या सगळ्यात मला भलताच प्रश्न पडला. थंडीसाठी म्हणावं तर मुंबईत थंडी नाही. लाज झाकायला म्हणावं तर एका चादरीने काम भागतं. मग माणसं कपडे घालतात तरी कशासाठी? आणि आपण काय घालायचं हे ठरवतं कोण?"

मी लालबागला गेली 38 वर्षं बायकांचे कपडे शिवते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या मापाच्या वहीत सापडलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असतं. छाती, कंबर, उंची, खांदा, मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. पहिली काही वर्षं मी मागच्या गळ्याचा एकच आकडा लिहायचे. मग लक्षात आलं की त्याच बाईच्या त्याच पाठीला दोन आकडे लागतात. भाचीच्या लग्नाच्या ब्लाउजचा गळा 9 इंच, आणि गावी जत्रेला न्यायच्या ब्लाउजचा 5. मी आकड्यापुढे 'गाव', 'ऑफिस', 'लग्न' असं लिहायला लागले. पहिलं माप टेपने घेता येतं. दुसरं गिऱ्हाईक तोंडाने सांगतं, आणि सांगताना दुसऱ्या कुणाचा तरी उल्लेख करतं. सासूबाईंना आवडणार नाही. जाऊबाई नावं ठेवतील. लेकाच्या शाळेत मीटिंग आहे. एवढ्या वर्षांत "मला एकटीला घरात बसायला शिवून द्या" म्हणत एकही बाई आलेली नाही. गाऊनसुद्धा शिवून घेताना "दूधवाला येतो, दार उघडावं लागतं" असं सांगून वरून ओढणीचं कापड मागतात.

यावरून माझं मत असं झालंय की माणूस कपडे घालतो ते मुख्यतः चारचौघांत उभं राहता यावं म्हणून. ऊन, पाऊस, थंडी ही कारणं खरी आहेत, पण ती कापड निवडून देतात. त्या कापडाचा बेत ठरवतात ती माणसं.

थंडीचं आधी सांगते, कारण तू तिथूनच सुरुवात केलीस. माणसाने कपडे कधी घालायला घेतले हे शोधणं अवघड, कारण कातडं आणि कापड कुजून जातं. शास्त्रज्ञांनी त्यासाठी उवांचा आधार घेतला. डोक्यातली ऊ वेगळी आणि कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ वेगळी. कपडेच नसते तर दुसरीला राहायला जागा नव्हती. या दोन जाती कधी वेगळ्या झाल्या हे जनुकांवरून मोजलं, तर 2011 सालच्या एका अभ्यासात तो काळ 1,70,000 वर्षांपर्यंत मागे गेला. म्हणजे हिमयुगाच्या थंडीचा वाटा मोठा असणार. पण तेवढ्याने भागत नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, बोचऱ्या गारठ्यात राहणारे यघान लोक फार थोड्या कपड्यांत राहत, अंगाला प्राण्यांची चरबी चोळत. आणि आपल्या दमट उकाड्यात वकील काळा कोट घालून उभा असतो. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती नाही. म्हणजे शरीराला त्रास होतो हे सगळ्यांना मान्य आहे, तरी जिथे मान मोठा तिथे कोट राहिलाच.

हवामान मात्र मुंबईत एका वेगळ्याच वाटेने कपड्यात शिरतं. घाम अंगावरून वाळला तर गारवा मिळतो. समुद्रकाठच्या ओल्या हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून सगळे सांगतात, सुती घाला. बरोबरच आहे. सुती धागा साधारण हवेत स्वतःच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मग माझ्या लहानपणी गिरणगावातल्या बायकांनी सुती पातळं सोडून पॉलिस्टरच्या साड्या का घेतल्या? मिलच्या कापडावर वाढलेल्या वस्तीने असं का करावं? माझे वडील मिलच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. घरी मिलच्या कापडाचा ताका यायचा, दिवाळीला आम्हा तिन्ही भावंडांना एकाच ताक्यातले कपडे, आणि उरलेल्यात उशांचे अभ्रे. तरी आईने पहिली संधी मिळताच पॉलिस्टरची साडी घेतली.

कारण होतं वाळत घालायची दोरी. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण. गॅलरीत प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला एकेक दोरी. जून ते सप्टेंबर सुती लुगडं दोन-दोन दिवस वाळायचं नाही, त्याला कुबट वास यायचा, आणि तेच नेसून आई कामाला जायची. पॉलिस्टरची साडी रात्री धुतली की सकाळी नेसायला तयार, इस्त्रीचा खर्च नाही. अंगाला चिकटते, गरम होतं, हे तिलाही कळत होतं. पण चारचौघांत कुबट वासाने जाण्यापेक्षा घामाने भिजणं तिने पत्करलं. फॅशनवर लिहिणारे लोक या दोरीबद्दल फारसं लिहीत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगितलं. पाणी किती वेळ येतं, कपाट केवढं आहे, वाळत कुठे घालायचं, यावर या शहरातल्या निम्म्या बायकांचे कपडे ठरतात.

आता लाज. तुझी आजी 'अंगभर' म्हणते, तर तिला एक विचार. तिची आई नऊवारी नेसत असेल तर पोटऱ्या दिसत असणार. गाठीची चोळी असेल तर पोटही दिसत असणार. आणि डोक्यावरचा पदर ढळला तर तीच बाई शरमेने अर्धी झाली असती. आज माझ्याकडे साठीच्या बायका येतात, त्यांना बिनबाह्यांचं नको असतं, पण डोकं उघडं असल्याचं त्यांच्या मनातही येत नाही. अवयव तेच, लाज मात्र पिढीगणिक जागा बदलते. ती माणसाने शिकलेली असते, आणि कुणासमोर उभं राहायचं आहे त्यावर कमीजास्त होते.

आपण जिला गोल साडी म्हणतो, म्हणजे आत परकर, वर ब्लाउज आणि पदर खांद्यावर, ती नेसण बंगालात नेण्यात मुंबईचा हात आहे. 1860 च्या दशकात रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इथे आल्या आणि एका पारशी कुटुंबात राहिल्या. तेव्हा बंगालात घरात नेसायची साडी एकपदरी, आत काही नाही. ती घरात ठीक होती, पण बाहेरच्या लोकांत वावरायला अपुरी पडायची. त्यांनी पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, त्यात आपला बदल केला आणि घरी परत गेल्यावर इतर बायकांना शिकवलं. बाई उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा नेसण बदलली. माझ्या डोळ्यांसमोरही हेच झालं. मी दुकान टाकलं तेव्हा दिवसाला दहा ब्लाउज यायचे. मग लोकलने नोकरीला जाणाऱ्या बायकांनी पंजाबी ड्रेस शिवायला टाकले. निऱ्या सावरत दादरचा पूल धावत चढून बघ, म्हणजे कळेल. त्यांच्या सासवांनी आधी कुरकुर केली, पुढे मुलीकडे राहायला जाताना स्वतःसाठीही एखादा शिवून घेतला. आता तुझी आई तुला तोच पंजाबी ड्रेस 'साधा आणि शोभेल असा' म्हणून सुचवते आहे. तीस वर्षांपूर्वी तो धीटपणा होता.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कपडा माणसाची पायरी सांगतो, आणि कित्येकदा ती पायरी त्याच्यावर लादलेली असते. आपल्या समाजात कुणी काय नेसावं, पदर कुठवर असावा, दागिना कशाचा असावा, हे जातीवरून ठरलेलं होतं. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना नेसण्याबद्दलच सांगितलं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि ठरावीक दागिने ही अस्पृश्यतेची खूण म्हणून पाहिली जातात, ती टाका, सवर्ण बायका नेसतात तसं नेसा. कपडा ठिगळाचा असला तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या बायकांनी नेसण बदलली. एवढ्या मोठ्या लढ्यात, पाण्याच्या हक्काबरोबर, लुगड्याच्या लांबीला जागा मिळाली, कारण अपमान त्या लांबीत शिवलेला होता. बाबासाहेब तेव्हा परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. आमच्या भागात आजही लोक त्यांचा निळा सूट पाहून कपड्याबद्दल बोलतात. कुणाला वाटतं तो साहेबी थाट. मी शिवणारी बाई आहे. ज्याच्या समाजाला शतकानुशतकं नीट कपडा घालू दिला नाही, त्याने बेतशीर कोट घालून उभं राहणं म्हणजे काय, हे मला शिवणीतून कळतं.

त्याच्या उलट्या दिशेने जाणारा प्रसंगही आमच्याच जवळ घडला. 31 जुलै 1921 ला परळमध्ये एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. लोकांनी अंगावरचे रेशमी, विलायती कपडे आणून टाकले. दोनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये मदुराईला, त्यांनी स्वतः पंचा नेसायला सुरुवात केली. एकाने वर चढण्यासाठी कोट घातला, दुसऱ्याने गरिबांच्या शेजारी बसण्यासाठी तो उतरवला. दोघांनाही पक्कं माहीत होतं की लोक आधी कपडा वाचतात.

चारचौघांच्या सोबत असल्याची, आपण एका गटातले असल्याची गरजही लहान नसते. साधारण वीस वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाने नवरात्रात रोजचा रंग छापायला सुरुवात केली. रंग वारावरून ठरतात, शनिवारी करडा. त्याआधी करडा ब्लाउज शिवायला टाकणारी बाई मी पाहिली नव्हती. आता घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी करड्या टू-बाय-टूचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे गठ्ठे येतात. शास्त्रात याला आधार काय, असं विचारून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्या नऊ दिवसांत लेडीज डब्यात चढलं की बरं वाटतं. बँकेतली अधिकारी आणि मासळीची पाटी घेऊन चढलेली बाई एका रंगात असतात, एकमेकींकडे बघून हसतात. माझ्या एका गिऱ्हाइकाला कामावर गणवेश सक्तीचा. ती दरवर्षी माझ्याकडून नऊ रंगांच्या चिंध्या नेते आणि रोज एक केसांना बांधते. मी त्याचे पैसे घेत नाही.

आणि एक गोष्ट सांगते, नाव न घेता. आमच्याच गल्लीतल्या एक बाई, नवरा गिरणीतला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांचं घर कायमचं खाली गेलं. मीही त्याच संपामुळे शिवणक्लासला गेले. घरात कुणी तरी कमवायला हवं होतं. पुढे काही वर्षांनी त्यांचे यजमान गेले. त्यानंतर त्या माझ्याकडे फक्त फिके रंग आणायच्या. राखाडी, बदामी, मळकट निळा. कुणी त्यांना तोंडावर काही बोललं होतं असं नाही. एके दिवशी त्या हिरवा खण घेऊन आल्या, गडद, लाल काठाचा. म्हणाल्या, शिवून ठेव, पण नेणार नाही आत्ता. मी शिवला. दीड वर्ष तो माझ्या कपाटात राहिला. अधूनमधून यायच्या, बघायच्या, घडी घालून परत द्यायच्या. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आल्या आणि माझ्यासमोर घालून पाहिला. थोडा सैल झाला होता, मी उभ्या उभ्या दोन्ही बाजूंनी दाबून दिला. लग्नात त्यांच्या मोठ्या जावेने सगळ्यांसमोर त्यांच्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, छान दिसतंय. तेवढं वाक्य त्यांना हवं होतं. कपडा शिवून तयार होता, अंगाला बसत होता, तरी कुणी तरी बघून होकार दिल्याशिवाय तो त्यांचा झाला नाही. तू विचारतेस ठरवतं कोण. त्या हिरव्या ब्लाउजपुरतं म्हणशील तर बाईंनी ठरवलं, आणि जावेने ठरवू दिलं.

बाजारही ठरवतो, हे खरं. हिंदमाता, मंगलदास मार्केट, गांधी मार्केट इथे या हंगामात जे कापड लागलंय, तेच तू आवडीने निवडणार. दुकानात नसलेला रंग कुणाच्याही स्वप्नात येत नाही. तयार कपड्यांत तर अंगालाच कपड्याप्रमाणे व्हावं लागतं. माझ्याकडे आल्टरेशनला येणाऱ्या मुली म्हणतात, "काकू, माझे खांदेच चुकीचे आहेत." 38 वर्षांत मी चुकीचे खांदे पाहिलेले नाहीत. कुणा तरी एका सरासरी बाईच्या मापावर हजारो कुर्ते कापले जातात, आणि तिथे न बसणाऱ्या प्रत्येक मुलीला स्वतःत खोट दिसते. याचा मला मनापासून राग येतो.

आता तुझं काय करायचं. आई, मैत्रीण आणि आजी तिघीही तुला एकच सांगताहेत, की नव्या जागी तुला कुणी कमी लेखू नये. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोरचे चारचौघे वेगळे आहेत, इतकंच. आईच्या डोळ्यांसमोर डोंबिवलीचा प्लॅटफॉर्म आहे, मैत्रिणीच्या डोळ्यांसमोर ऑफिसातली मीटिंग, आजीच्या डोळ्यांसमोर सोसायटीचा जिना. तिन्ही जागांतून तुला रोज जायचं आहे. पहिले आठ दिवस जे आहे ते घालून जा आणि तुझ्या वरच्या पदावरच्या बायका काय घालतात ते बघ. मगच खर्च कर. सुरुवातीलाच सहा कपडे घेऊन पुढे कपाटात ठेवणाऱ्या मुली मी फार पाहिल्यात.

पँट घे की कुर्ता, मुंढ्याकडे लक्ष दे. सैल आणि खाली उतरलेला मुंढा आरामाचा वाटतो, पण गाडीत कडी धरायला हात वर केलास की सगळा कुर्ता हाताबरोबर वर चढतो आणि कंबर उघडी पडते. मुंढा काखेजवळ, बेताचा असेल तर हात एकटाच वर जातो. म्हणून ट्रायलला माझ्याकडे प्रत्येक मुलीला मी हात वर करून उभी करते. तूही आरशासमोर तसंच कर, आणि खाली बसून, वाकूनही बघ. कापड निव्वळ सुती हवं असेल तर सुट्टीच्या दिवसांसाठी घे. रोजच्या गाडीला सुती-पॉलिस्टर मिश्रण बरं, पावसात वाळतं. फिका राखाडी आणि फिका निळा रंग घामाने लगेच डाग दाखवतात, पांढरा आणि गडद निळा दाखवत नाहीत.

खिसा मागून घे. आपल्या पणज्या नऊवारीच्या कनवटीला पैसे खोचायच्या, दोन्ही हात मोकळे राहायचे. पंजाबी ड्रेस आला आणि बायकांच्या अंगावरची ती जागा गेली, सगळं पर्समध्ये आणि जीव त्या पर्समध्ये. शिवणीत खिसा घालायला मला दहा मिनिटं लागतात. शिंपी "लेडीजला कशाला" म्हणाला तर दुसरा शिंपी बघ.

सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून ने, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. आणि दोन्ही बाजूंना आत एकेक इंच दाब सोडायला सांग. पहिल्या नोकरीत सगळ्यांचंच वजन थोडं हलतं, कुणाचं वर, कुणाचं खाली, आणि मग तोच कुर्ता उसवून पुन्हा बसवता येतो.